बांधावरचे भाऊबंद

भेंडीवर केवडा पडतो तेव्हा त्याची सुरुवात पानाच्या शिरांपासून होते. पान हिरवंच असतं, शिरा तेवढ्या पिवळ्या पडतात. पान उन्हाकडे धरलं की हिरव्या कापडावर पिवळ्या दोऱ्यानं जाळी विणल्यासारखी दिसते. आठवडाभरात शिरांमधली जागाही पिवळी पडायला लागते, शेंड्याची नवी पानं बारकी निघतात आणि ज्या भेंड्या लागतात त्या पांढुरक्या, आखूड आणि राठ असतात. नांदेडच्या भाजीबाजारात त्या माळव्याला कुणी विचारत नाही. कुणी या रोगाला हळद्या म्हणतं, कुणी केवडा. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत 'यलो व्हेन मोझॅक' असं लिहिलेलं असतं. शेतकऱ्याला तीनही नावं ठाऊक असतात आणि उपाय एकही नसतो.

"केवडा पडलेलं झाड उपटायचं अन् फेकायचं, अजून काय करता साहेब?" विष्णुपुरीच्या शिवारात भाजीपाला करणाऱ्या एका शेतकऱ्यानं सांगितलं. त्यांच्या हातात नुकतंच उपटलेलं झाड होतं, कमरेएवढं वाढलेलं, वर दोन फुलं. उपटताना जीव हळहळतो, कारण तोवर बियाणं, खत, खुरपणीची मजुरी असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो.

विष्णुपुरी म्हटलं की नांदेडकरांना गोदावरीवरचं धरण आठवतं. त्यापाठोपाठ काळेश्वराचं देऊळ, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सरकारी दवाखाना. एवढ्या मोठमोठ्या संस्थांच्या मधल्या जागेत गावची शेती अजून टिकून आहे. पाणी जवळ आहे आणि शहर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे भाजीपाला परवडतो. मला इथं पाहायचं होतं ते मात्र वाफ्यातलं पीक नव्हतं. वाफ्याच्या कडेला, बांधावर, नदीच्या उतारावर जे कुणी न लावता उगवतं ते पाहायचं होतं. कारण भेंडीच्या केवड्यावर मराठवाड्यानं एकदा उत्तर शोधलं होतं, आणि ते उत्तर अशाच एका दूरच्या नातलगाकडून आलं होतं.

केवडा काही आजचा नाही. मुंबई इलाख्यात १९२४ साली कुलकर्णी नावाच्या संशोधकानं त्याची नोंद केली. १९४० मध्ये पुण्यात उप्पल, वर्मा आणि कपूर या तिघांनी हा विषाणूचा रोग असल्याचं दाखवून त्याला आजचं नाव दिलं. पुढे वर्मा आणि कपूर यांनी पांढऱ्या माशीचं काम तपशिलानं तपासलं. ही माशी जेमतेम मिलिमीटरभर लांबीची, पानाच्या खालच्या अंगाला बसून रस शोषणारी. रोगट झाडावर बसली की विषाणू तिच्या पोटातून लाळग्रंथींपर्यंत जातो, आणि मग ज्या झाडावर बसेल त्या झाडाला ती तो देत सुटते. रोग कोवळेपणी लागला तर नव्वद टक्क्यांपर्यंत उत्पन्न जातं, उशिरा लागला तर अर्ध्याच्या आसपास. विषाणूवर फवारायला औषधच नाही. औषध मारलं जातं ते माशीवर, आणि माशी शेजारच्या रानातून परत येते.

पहिला मोठा तोडगा दिल्लीत निघाला. भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांनी पश्चिम बंगालमधून मिळालेला 'आयसी १५४२' हा नमुना 'पुसा मखमली'शी संकरित केला आणि त्यातून 'पुसा सावनी' घडवली. ही भेंडी शेतात केवडा दाखवत नसे. १९५९-६० च्या सुमारास दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा जालन्याच्या बद्रिनारायण बारवाले यांच्या हाती हे बियाणं लागलं. त्यांनी ते आपल्या शेतात वाढवलं, विकलं, आणि १९६४ मध्ये महिको कंपनी काढली. मराठवाड्यातल्या बियाणे धंद्याची मुहूर्तमेढ रोवली ती अशी भेंडीच्या बियांनी. बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या बातम्यांमध्ये भेंडीचं नाव कुठंतरी कोपऱ्यात होतं. माझ्या मते ते मथळ्यात हवं होतं.

पण पुसा सावनीची गोम वेगळीच होती. ती विषाणूला अडवत नव्हती. विषाणू अंगात शिरला तरी लक्षणं बाहेर दिसू द्यायची नाही, एवढंच. शिवाय हा गुण दोन अप्रभावी जनुकांवर अवलंबून होता. अप्रभावी म्हणजे दोन्ही आईबापांकडून आल्याशिवाय तो गुण उमटतच नाही. सत्तरच्या दशकापर्यंत शेतात सावनी पिवळी दिसू लागली आणि भेंडीवाले पुन्हा पहिल्या पायरीवर आले.

तेव्हा परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ नवंच होतं. दुष्काळाच्या वर्षी, १८ मे १९७२ ला त्याची स्थापना झालेली. तिथं एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी घरातल्या भेंडीत उत्तर शोधायचं सोडून दिलं आणि भेंडीच्या भाऊबंदांकडे वळले. त्यांच्याकडे घानामधून आलेला एक नमुना होता, 'अॅबेलमॉस्कस मॅनिहॉट' या नावानं नोंदवलेला. झाड रांगडं, फळ खाण्यालायक नाही म्हटलं तरी चालेल असं, पण केवड्याला अजिबात दाद न देणारं.

आता हा संकर करायचा म्हणजे काय, हे ज्यांनी भेंडीचं फूल हातात घेऊन कधी उघडलेलं नाही त्यांना सांगायला हवं. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपार कलली की मिटायला लागतं. म्हणून काम आदल्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी सुरू होतं. उद्या उमलणारी कळी ओळखायची. ती फुगलेली असते आणि तिच्या टोकाला पिवळी पाकळी डोकावत असते. चिमट्यानं तिचं आवरण अलगद फाडायचं. आत मधोमध एक नळी असते, तिच्यावर परागकोश दाटीवाटीनं चिकटलेले आणि नळीच्या टोकावर गर्द जांभळ्या रंगाची कुक्षी. कुक्षीला धक्का न लावता परागकोश काढून घ्यायचे, एकही राहता कामा नये, कारण भेंडी स्वतःचं स्वतः फळ धरण्यात पटाईत. मग बटर पेपरची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी रानटी झाडाचं ताजं फूल आणून त्याचे पराग त्या कुक्षीवर फिरवायचे, पुन्हा पिशवी लावायची, दोरा बांधायचा आणि चिठ्ठी लावायची. असं एका दिवसात कितीतरी फुलांवर. तरीही बरीचशी फुलं गळतात. जी फळं धरतात त्यांत बी थोडं. त्यातून उगवलेली पहिली पिढी अर्धवट वांझ, कारण दोन्ही झाडांच्या गुणसूत्रांची संख्या जुळत नाही.

ही पहिली पिढी दिसायला रानटी बापाकडेच जास्त झुकते. तिला लागणारं फळ कुणी ताटात वाढणार नाही. म्हणून तिचा पुन्हा पुसा सावनीशी संकर, त्यातून पुन्हा निवड, पुन्हा संकर. प्रत्येक पिढीत पांढऱ्या माश्यांच्या गर्दीत झाडं उभी करायची, पिवळी पडणारी उपटून टाकायची, हिरवी राहणाऱ्यांतून भेंडीसारखं फळ देणारी निवडायची. रानटी झाडाचं बाकी सगळं हळूहळू गाळायचं आणि तो एकच गुण धरून ठेवायचा. शास्त्रीय भाषेत याला प्रतीप संकर म्हणतात. सोनार भट्टीत कीट जाळून सोनं धरतो त्यातलाच हा प्रकार, फक्त इथं एका फेरीला एक हंगाम जातो.

या खटाटोपातून पहिलं फळ मिळालं ते ज्ञानाच्या रूपात. १९८१ मध्ये जांभळे आणि नेरकर यांचा शोधनिबंध 'थिअरॉटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. त्यांनी दोन रानटी नमुने घेऊन पिढ्यान्पिढ्या झाडं मोजली होती आणि निष्कर्ष असा काढला की दोन्हींत केवड्याचा प्रतिकार एकेका प्रभावी जनुकाच्या हाती आहे. सावनीचे दोन अप्रभावी जनुक कुठं आणि हा एक प्रभावी जनुक कुठं! एकाच बाजूनं आला तरी काम करणारा गुण पुढच्या पिढीत नेणं पैदासकाराला किती सोपं पडतं, हे त्या क्षेत्रातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं फळ म्हणजे 'परभणी क्रांती'. तिचं वर्णन १९८६ मध्ये 'हॉर्टसायन्स'मध्ये छापून आलं. गर्द हिरवी, सडपातळ, मऊसूत भेंडी, बाजारात दिसायला देखणी, आणि शेत केवड्यानं पिवळं होत असताना हिरवी उभी राहणारी. तिचं सरळ वाण असणं हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. संकरित नसल्यामुळे शेतकरी चांगल्या झाडावरची चार-सहा फळं वाळवून पुढच्या वर्षीचं बी घरीच ठेवू शकत होता. मराठवाड्याच्या बाहेरही, बंगालपासून तामिळनाडूपर्यंतच्या भेंडी-प्रयोगांत तिचं नाव तुलनेसाठी येत राहिलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची चर्चा निघाली की लोक आधी कापूस आणि ज्वारीच्या वाणांची नावं घेतात. भाजीला आपल्याकडे तसाही मान कमीच.

याच सुमारास इतरांनीही हीच वाट धरली. पंजाबात घानाच्याच स्रोतापासून 'पंजाब ७' आली. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत 'टेट्राफायलस' या आपल्याकडच्या रानटी भेंडीपासून 'अर्का अनामिका' आणि 'अर्का अभय' तयार झाल्या. घानाच्या नमुन्याबद्दल एक गंमत सांगायला हवी. पश्चिम आफ्रिकेत घराभोवती लावल्या जाणाऱ्या भेंडीला १९८८ मध्ये 'अॅबेलमॉस्कस कायली' असं स्वतंत्र जातीचं नाव मिळालं, आणि तो घानाचा नमुनाही याच जातीतला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याला आपण रानटी म्हणून वापरलं ते आफ्रिकेतल्या कुणाच्या तरी परसातलं पीक होतं. रान आणि परसू यांच्यातली रेघ वाटते तेवढी ठळक नसते.

पण परभणी क्रांतीचं पुढे काय झालं? जे सावनीचं झालं तेच, थोड्या उशिरानं. आज प्रयोगांच्या तक्त्यांमध्ये परभणी क्रांती कधी मध्यम प्रतिकारक, कधी रोगाला बळी पडणारी अशी दिसते. विष्णुपुरीच्या त्या शेतकऱ्यानं परभणी क्रांतीचं नाव ऐकलं होतं, त्यांच्या वडिलांनी ती लावली होती. आता ते कंपनीचं संकरित बी घेतात आणि दरवर्षी पुडी बदलतात. कंपन्यांच्या संकरांतही केवडा-प्रतिकार म्हणून जो गुण फिरतो त्याचा बराचसा भाग याच मोजक्या रानटी स्रोतांकडून आलेला आहे.

क्रांती का ढळली, याचं उत्तर विषाणूच्या बाजूनं शोधावं लागतं. २००३ मध्ये मदुराई कामराज विद्यापीठातल्या जॉइस जोस आणि आर. उषा यांनी दाखवलं की केवडा एकट्या विषाणूचं काम नाही. मुख्य विषाणूसोबत डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, त्याला बीटासॅटेलाइट म्हणतात, आणि हे दोघं मिळून खरा रोग करतात. या कुळातले विषाणू एकाच झाडात भेटले की आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. आपण एका जनुकाची भिंत बांधली, आणि समोरचा शत्रू दर हंगामात नवं रूप घेऊन येणारा. त्यात पानं गोळा होऊन खोड पिळवटणारा पर्णगुच्छाचा वेगळा विषाणूही भेंडीवर आला. म्हणून क्रांती 'फसली' असं म्हणणं मला पटत नाही. बरीच वर्षं तिनं शेतं राखली. फसलं ते एकाच भाऊबंदाकडून एकदाच उसनं घेऊन काम भागेल हे आपलं गृहीतक.

भातात हे जगानं फार मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. सत्तरच्या दशकात फिलिपिन्समध्ये भातावर गवती खुजेपणाचा विषाणू आला तेव्हा गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयोगी पडला तो एकच, 'ओरायझा निवारा' या रानटी भाताचा, उत्तर प्रदेशातून गोळा केलेला. त्याचा गुण १९७६ च्या 'आयआर ३६' या वाणात गेला आणि तो भात आशियाभर लाखो हेक्टरवर पिकला. तो नमुना कुणी गोळाच केला नसता, किंवा तो जिथं उगवला ती जागाच आधी नाहीशी झाली असती, तर?

हा 'तर' विष्णुपुरीच्या आसपास उभा राहून विचारला की त्याला खूप जवळची उत्तरं मिळतात.

मराठवाड्याची वनस्पतिसूची प्रा. व्ही. एन. नाईक यांनी १९९८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. शेतीच्या माणसानं ती पुन्हा वाचावी अशी आहे, कारण तिच्या पानोपानी आपल्या पिकांचे नातलग बसलेले आहेत. काळ्या रानात, कापसाच्या नि ज्वारीच्या कडेला, 'फिकुलनिअस' ही रानभेंडी उगवते. फूल पांढरट, उन्हं चढली की गुलाबी होणारं, मधोमध गर्द जांभळा डाग. फळ बोटाच्या दोन पेरांएवढं, पाच कंगोऱ्यांचं, लवदार. विष्णुपुरीकडे जाताना एका बांधावर दोन झाडं दिसली. मालकानं सांगितलं, "ती कोण लावतंय? आपसूक येतंय, ढोरं बी खात नाहीत." डोंगराळ झाडीत पिवळ्या मोठ्या फुलांच्या रानभेंड्या सापडतात, त्यांच्या देठावरचे केस हाताला टोचतात, खाज सुटते. कस्तुरभेंडी वेगळी, तिच्या बियांना कस्तुरीचा वास येतो, पण भाजीच्या भेंडीशी तिचा संकर सहजी जमत नाही.

तुरीचंही तसंच. 'स्कॅराबिऑइडिस' ही रानतूर गवतातून सरपटत, वेलासारखी चढत जाते. तीन पानांची, बारीक पिवळी फुलं, शेंगेवर दाट लव. पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये तिच्यावर शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या प्रतिकारासाठी काम झालं. आपल्या बदनापूरच्या केंद्रानं तुरीच्या वांझ रोगाशी झुंज दिली ती मात्र लागवडीच्या तुरीतलाच प्रतिकार वापरून, त्यातून 'बीएसएमआर ७३६' आणि 'बीएसएमआर ८५३' ही वाणं आली. अर्धापूर-मुदखेडच्या केळीची गोष्ट याच्या उलटी. ती बिनबियांची, कंदानं वाढणारी, त्यामुळे तिच्यात रानटी गुण आणायचा म्हणजे शेतावरचा संकर जवळजवळ अशक्य. ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये पनामा मर रोगाला तोंड देणारी जी केळी मंजूर केली, तिच्यात रानटी केळीचा जनुक प्रयोगशाळेतून घालावा लागला.

आणि ऊस! विष्णुपुरीच्या पाण्याच्या काठाला दसऱ्याच्या सुमारास पांढऱ्या तुऱ्यांचं काशाचं गवत डोलतं. गावातलं पोरगं ते ऊस मानणार नाही, पण आज या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत गाळला जाणारा प्रत्येक ऊस या काशाचं रक्त अंगात बाळगून आहे. जाड, रसाळ, 'खानदानी' उसाला लाल कुजीसारखे रोग लवकर लागायचे. कोइमतूरच्या केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी तिथल्याच काशाशी त्याचा संकर केला आणि १९१८ मध्ये 'को २०५' हा ऊस शेतात दिला. जावामध्ये सेरेह नावाच्या रोगानं उसाचे मळे बसवले होते. तिथंही काशाच्या मदतीनं १९२१ मध्ये 'पीओजे २८७८' घडला. आधुनिक उसाची दहा ते वीस टक्के गुणसूत्रं काशाकडून आलेली असतात. ऊस जो तग धरतो, खोडवा देतो, रोगाला पुरा पडतो, त्यात या फुकट्या गवताचा वाटा किती मोठा आहे याचा हिशेब कुठल्याच कारखान्याच्या अहवालात नसतो.

एका पिकाचे मात्र इथं कुणी भाऊबंद नाहीत, आणि तेच आज नांदेड-लातूरचं मुख्य पीक आहे. सोयाबीनचा रानटी पूर्वज चीन, कोरिया, जपान आणि रशियाच्या पूर्व टोकाला वाढतो. २०२३ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरला, शेंगा भरायच्या आधीच शेतं पिवळी झाली. त्या वेळी आपल्या बांधावर मदत मागायला नातलगच नव्हता. मुगाला रानमूग आहे, उडदाला त्याचा रानटी पूर्वज सह्याद्रीत आहे, आणि हीच पिकं सोयाबीनला जागा देऊन मागे सरलीत.

जे नातलग आहेत त्यांची जागाही आक्रसतेय. मराठवाड्यात बांध कोरणं ही जुनी खोड. दर वर्षी नांगराच्या एका तासानं शेजाऱ्याच्या बाजूचा बांध खायचा, मग तंटा, मोजणी, कोर्ट. दोन हात रुंद बांध वीतभर उरला की त्यावर रानभेंडी कुठं उभी राहणार? उरलेल्या विताभरावर तणनाशक मारलं जातं. खुरपायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, म्हणून शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच्या फवाऱ्याच्या टप्प्यात कोणतं झाड आलं हे त्याला कुणी सांगितलेलंही नाही.

अकोल्याला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं केंद्र आहे, त्रिचूरलाही आहे. तिथं अशा झाडांचं बी थंड खोलीत जपलं जातं. ते हवंच. पण शीतपेटीतलं बी ज्या दिवशी गोळा केलं त्या दिवसापाशी थांबलेलं असतं. बांधावरचं झाड दर पावसाळ्यात त्याच पांढऱ्या माशीला, त्याच बदलत्या विषाणूला तोंड देतं आणि बी टाकतं. विषाणू बदलतो त्याच्या जोडीनं बदलणारं दुसरं काही आपल्याकडे नाही.

जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०२० अखेरची मुदत घालून दिली, तेव्हा देशभर या वह्या घाईनं भरल्या गेल्या. या वहीच्या नमुन्यात पिकांच्या रानटी नातलगांसाठी वेगळा तक्ता दिलेला आहे. गोदाकाठच्या कुठल्याही गावानं तो नीट भरायचा तर चार नावं सहज निघतील: काळ्या रानातली रानभेंडी, गवतातली रानतूर, रानमूग आणि नदीच्या काठचं काश. पुढच्या रकान्यात जागा लिहायची असते. तिथं गट नंबर आणि कोणत्या बाजूचा बांध, एवढं लिहिलं तरी पुढच्या वेळी केवडा रूप बदलून येईल तेव्हा परभणीच्या पैदासकाराला कुठं जायचं ते ठाऊक असेल.